उलटबाजूची खुर्ची

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं जे वाचनालय आहे, त्याच्या मागच्या मोठ्या खोलीवर आता नवी पाटी लागली आहे: ‘प्रा. दामोदर खंडारे स्मृती अभ्यासिका’. आत गेलं की समोर सरांचा फोटो, फोटोला चंदनाचा हार आणि हाराच्या बरोबर खाली सूचना, ‘मोबाइल बंद ठेवा. बोलू नका.’

ज्या माणसाने त्या खोलीत वर्षानुवर्षं लोकांना बोलतं केलं, त्याच्या फोटोखाली ‘बोलू नका’!

या पाटीच्या उद्घाटनाला वाचनालयाचे अध्यक्ष भाऊसाहेब म्हणाले, “ही अभ्यासिका म्हणजे खंडारे सरांचं स्वप्न होतं.” टाळ्या पडल्या. सर त्याच्या दोनेक महिने आधीच गेले होते, त्यामुळे उठून ‘नाही’ म्हणायला तिथे कोणी नव्हतं. मी पत्रकं लिहिणारी बाई, गुळमुळीत लिहायची सवय नाही. म्हणून इथेच लिहून टाकते की भाऊसाहेब खोटं बोलले. त्या खोलीत सरांची पुस्तकं होती. ती आज गुरांच्या ढेपेच्या पोत्यांत भरून संडासाशेजारच्या कोठीत पडली आहेत.

पण ते सगळंच खोटं बोलले असंही नाही. मला छळतं ते तेवढंच.

सर अमरावतीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत आणि राहत अकोल्यात. निवृत्तीनंतर वाचनालयाचा संदर्भ विभाग त्यांच्याकडे आला. आला म्हणजे कोणालाच नको होता म्हणून आला. बाकीच्या वाचनालयात कादंबऱ्या, पाककृती, चरित्रं. मागच्या खोलीत मात्र देशाची अर्थव्यवस्था आणि समाज यावरची नवी पुस्तकं: जाडजूड कोश, जनगणनेचे नकाशे, असंघटित कामगारांवरचे ग्रंथ, शहरं, जमिनी, जाती, बायकांची मजुरी. बहुतेक इंग्रजीत. सर ती इंग्रजीत वाचत आणि वऱ्हाडीत सांगत. वर्गातही ते वऱ्हाडीच बोलत, म्हणून पुण्याहून आलेले एक प्राचार्य त्यांच्यावर नाराज असायचे. सर म्हणायचे, “महागाई वऱ्हाडात येते ना? मंग तिले वऱ्हाडी समजलीच पाहिजे.”

उंच, वाळकी काठी. डोक्याला पांढरा दुपट्टा, खोलीत आल्यावरही सुटायचा नाही. पुस्तकांचं पार्सल आलं की त्याला कोणी ब्लेड लावलेलं चालत नसे. सुतळीची गाठ नखाने सोडायचे, सुतळी गुंडाळून खिशात, मग पुस्तक. आणि पुस्तक उघडायचे मागून. शेवटची सूची काढायची, बोट फिरवत अकोला शोधायचं, अमरावती शोधायचं. सापडलं की ते पान काढायचं आणि बहुतेक वेळा तिथे आत्महत्या असायच्या किंवा दुष्काळ.

“पाह्य,” ते म्हणायचे, “आपण मेलो तरच सूचीत येतो. जितेपणी आपलं पान नंबर नाही.”

आणि मग पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचे.

त्यांचा मोठा उद्योग म्हणजे पंचनामा. दर रविवारी सकाळी एका नव्या पुस्तकाचा पंचनामा व्हायचा आणि तो झाल्याशिवाय पुस्तक कपाटात जायचं नाही. टेबलावर पुस्तक, टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. एक बाजूची, एक उलटबाजूची. ज्याला पुस्तक पटलेलं नाही त्याने आधी बाजूच्या खुर्चीवर बसायचं आणि पुस्तकाचं म्हणणं असं सांगायचं, की लिहिणारा तिथे असता तर त्याने मान हलवली असती. ते नीट जमलं तरच उठून उलटबाजूच्या खुर्चीवर जायचं आणि हवं तेवढं झोडायचं. जमलं नाही तर सर बोटाने परत बसवायचे. वकील बसले, मास्तर बसले, दोन वेळा एक नगरसेवकही बसला आणि दोन्ही वेळा बाजूच्या खुर्चीतून उठूच शकला नाही.

मी एकदा विचारलं होतं, “सर, पंचनामा तर मेल्यावर करतात ना?”

“कपाटात गेलं की मरणारच हाय ते. आपल्या वाचनालयाले ओळखत नाही का तू? आधीच विचारून घेतलेलं बरं.”

माझी त्यांची ओळखही अशाच आडव्यातिडव्या बोलण्यातून झाली. मी मूळची हिवरखेडची, अमरावतीत ठेक्यावरच्या सफाई कामगार बायकांसोबत काम करते. कामगारांवरचा एक नवा कोश फक्त अकोल्यात आहे असं कळलं म्हणून आले होते. कोपऱ्यात बसून एक वाक्य उतरवत होते, तर मागून आवाज आला.

“काय उतरवून राहिली वो?”

“एक वाक्य पाहिजे सर. पत्रकात टाकायचं आहे.”

“एकच? गिलासभर रसाले बी रसवंतीवाला पुरा ऊस घालते, पोरी.”

त्यांनी पान उलटलं आणि पुढचा परिच्छेद मोठ्याने वाचला. त्यात आमच्या मागणीला अडचणीचं ठरेल असं बरंच काही होतं. मी ते पाहिलं होतं आणि सोडलं होतं.

“हे काहून सोडलं?”

“आमच्या विरोधात जातं ना सर.”

“मंग तेच पहिले टाक. ठेकेदाराचा वकील हेच पान उघडणार हाय. त्याच्याआधी तू उघड. दार त्यानं उघडलं त तू चोर, तू उघडलं त तू घरमालक.”

चिडून मी तसं केलं. आणि ठेकेदारासोबतच्या बैठकीत समोरच्या साहेबाने खरोखरच तो परिच्छेद काढला. आमच्या बायकांनी त्याला म्हटलं, “साहेब, आमच्या पत्रकात पहिल्याच पानावर हाय ते. अन् उत्तर दुसऱ्या पानावर.” साहेबाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. त्यानंतर रविवारी मी सकाळची बस धरून अकोल्याला येऊ लागले. सर मला नावाने कधीच हाक मारत नसत. “आली का पत्रकवाली?” एवढंच.

पंचनाम्याला येणारी मंडळी मूठभर, पण एकेक नग. गिरधारी नावाचे एक अडते होते, तुरीचा धंदा. एकदा शेतमालाच्या बाजारावरचं नवं पुस्तक होतं आणि त्यात अडत्यांची साल काढली होती. गिरधारी तावातावाने उठले. सरांनी त्यांना बोटाने बाजूच्या खुर्चीवर बसवलं.

“माझ्याच विरोधात मीच बोलू?”

“तुमच्यापेक्षा चांगलं कोणाले माहीत हाय, गिरधारीभाऊ?”

गिरधारी घाम पुसत बसले. “हा लेखक म्हणते की मी मधल्यामध्ये खातो. शेतकऱ्याचा माल ओला म्हणतो, काट्यावर बोट ठेवतो...” मग एकदम आवाज खाली आला. “बोट ठेवणं पुस्तकात नाही सर. ते माझ्या तोंडातून निघालं.”

खोली अशी हसली की पुढच्या दालनातल्या बाईंनी येऊन पाहिलं. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी शांतपणे दुसऱ्या खुर्चीकडे हात केला, “आता तुमची बाजू. आता लोक ऐकतीन.” आणि लोकांनी ऐकली. पावसात भिजलेली तूर कोणी घेत नाही तेव्हा ती कोण घेतं, पोरीच्या लग्नाला रात्री कोणाच्या दारात शेतकरी येतो, सगळं गिरधारी बोलले. मी तिथे बसून दात-ओठ खात होते. पण ऐकलं.

दुसरा एक रविवार मला कधीच विसरता येणार नाही. शहरांत भाड्याने घर कोणाला मिळतं आणि कोणाला मिळत नाही, यावरचं पुस्तक होतं. त्या दिवशी सर म्हणाले, आज पुस्तकाऐवजी घरमालकाची बाजू, आणि ती मी मांडतो. ते बौद्ध. तरुणपणी अमरावतीत घर शोधत फिरलेले. सगळ्यांना माहीत होतं.

सर बाजूच्या खुर्चीवर बसले आणि आवाजच बदलला. गोड, अदबीचा. “या ना सर, बसा. चहा घ्या. घर काय, तुमचंच हाय. पूर्ण नाव काय म्हणाले तुमी? खंडारे. कोणते खंडारे? नाही नाही, सहज. मी त काही मानत नाही, सर. माझे बरेच मित्र तुमच्यातले हायत. पण आई हाय ना घरात, म्हातारी हाय. तिचं देवाचं असते. अन् पाण्याचा बी थोडा प्रॉब्लेम हाय या गल्लीत...”

त्या माणसाला आईची काळजी होती, शेजाऱ्यांची भीती होती, त्याला स्वतःच्या नजरेत वाईट ठरायचं नव्हतं. सरांनी त्याला इतका खरा केला की मला त्याची दया आली. मी रागाने म्हटलं, “सर, तुम्ही त्याला माणूस करून टाकला!”

“माणूसच होता तो,” सर म्हणाले. “राक्षस असता त सोपं होतं.”

मग उठले, उलटबाजूच्या खुर्चीवर बसले आणि त्या गोड आवाजाचा एकेक शब्द सोलून काढला.

हे सगळं सांगितलं कारण सर्वसाधारण सभेत जे झालं ते यावाचून कळणार नाही. बाहेरचा माणूस म्हणेल, म्हातारा चळला.

मागच्या वर्षी कार्यकारिणीने विषय काढला: संदर्भ विभागाची खोली रिकामी करून तिथे स्पर्धा परीक्षांच्या पोरांसाठी अभ्यासिका. अकोला काय, अमरावती काय, गल्लोगल्ली अभ्यासिका निघाल्या आहेत. वाचनालयाला उत्पन्न हवं होतं. ठराव सभेपुढे येणार होता. आम्ही पंचनाम्यातले लोक घरोघर फिरलो, सभासदांना गाठलं. गिरधारीभाऊंनी तुरीच्या व्यापाऱ्यांची अख्खी लाइन पाठीशी उभी केली. मी पत्रक काढलं. मतं आमच्या बाजूला होती, हे भाऊसाहेबांनाही कळलं होतं. सरांनी फक्त बोलायचं होतं.

सभा वाचनालयाच्या अंगणात. मागे, पायऱ्यांवर, परीक्षांची तयारी करणारी रोजची पोरं-पोरी बसलेली. तेल्हाऱ्याकडची, मोर्शीकडची, बॅगा मांडीवर, वाचत. भाड्याच्या एका खोलीत पाच जण, म्हणून ती दिवसभर आमच्या पायऱ्यांवर असायची. सभा बघायला त्यांनी पुस्तकातून मान वर काढली.

सर उठले. सवयीप्रमाणे त्यांनी आधी समोरच्याची बाजू घेतली.

“अध्यक्ष म्हणतात खोली पोरांले द्या. काहून म्हणतात, ते मी सांगतो. त्यांच्यापेक्षा बरं सांगतो. या खोलीत रविवारी आमी मूठभर टाळकी येतो. बाकी सहा दिवस पंखा पुस्तकांवर फिरते. मागे वळून पाहा. ते पोट्टे पायऱ्यांवर बसून राहिले. एप्रिलात बी तिथंच होते, ऊन सरकलं की ते बी सरकतात. आमच्या कपाटात भारतातल्या दारिद्र्यावरची नवीकोरी पुस्तकं हायत, सावलीत, कुलपात. अन् ते दारिद्र्य दाराबाहेर उन्हात बसलं हाय, त्याले आत जागा नाही. त्या पोरीच्या मायने वावरात निंदणाला जाऊन तिले इथं धाडली. तिले मी काय सांगू? की बाई, तुह्या मायच्या मजुरीवर लय चांगलं पुस्तक आलं हाय, पण तू बाहेर बस?”

मी गालात हसत होते. वा सर, म्हटलं. आता उठा, उलटबाजूला जा, आता सोला.

सर थांबले. टेबलावरचं पाणी प्यायले. पुन्हा मागे पायऱ्यांकडे पाहिलं. मग पायऱ्यांवरून एका पोराने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी, मग सभासदांनी. गिरधारीभाऊंनीसुद्धा! डोळे पुसत! भाऊसाहेब उठले, “सरांनी आपल्या मनातलं बोलून दाखवलं, ठराव मताला टाकतो,” आणि हात वर झाले. मी ओरडले, “अजून अर्धं राहिलं आहे! सरांचं अर्धं राहिलं आहे!” मला सांगण्यात आलं की मी सभासद नाही, अमरावतीची आहे, मला बोलता येणार नाही.

सभा संपल्यावर मी सरांना स्कूटरपाशी गाठलं. भाऊसाहेबांबद्दल मी काय काय म्हणाले ते छापण्यासारखं नाही.

“त्यांनी तोडलं तुम्हाला, सर! मुद्दाम मध्येच तोडलं!”

“नाही वो.” सर दुपट्ट्याची गाठ आवळत होते. “पुरे दोन मिनिटं थांबले ते. माह्या तोंडाकडे पाहत होते. मी पाणी पीत राहिलो.”

“काहून?”

“उत्तर नाही आलं.”

मला भडकायला तेवढं पुरे झालं. “उत्तर नाही? वरचा हॉल साड्यांच्या सेलला भाड्याने देतात, तो पोरांना द्या म्हणायचं होतं! एवढ्या मोठ्या गावात पुस्तकं आणि पोरं यांनी एकाच खोलीवरून भांडायचं कशासाठी, हे विचारायचं होतं! सरकारी जागा निघतात मूठभर आणि पोरं हजारोंनी बसवतात, हे कोण सांगणार होतं?”

“हे सगळं होतं माह्याजवळ. लिहून आणलं होतं.” त्यांनी स्कूटरचं हँडल धरलं, किल्ली लावली नाही. “पण ते हॉल मागणं झालं, पोरी. पुस्तकं काहून पाहिजेत, ते त्यात नाही. त्या पायरीवरच्या पोट्टीनं उठून विचारलं असतं, सर, इतके वर्षं तुमी आमच्यावरची पुस्तकं जमवली, पंचनामे केले, आमचं काय झालं? त मी काय सांगणार होतो? जिंदगीभर लोकांले त्या खुर्चीवर बसवलं. माही पाळी आली अन् मी बाजूच्या खुर्चीतून उठू नाही शकलो.”

मी काहीतरी बोलले. मोठमोठ्याने बोलले. ते ऐकत नव्हते.

पुढच्याच आठवड्यात कपाटं हलली. पुस्तकं भरायला कोणीतरी सरकी-ढेपेच्या दुकानातून रिकामी पोती आणली होती. सर स्वतः भरायला उभे होते. जाड कोश खाली, नकाशे मध्ये, पातळ पुस्तकं वर, कोणाचा कणा मोडू नये म्हणून. त्यांच्या सदऱ्याला ढेपेचा वास येत होता. मी म्हटलं, सर, घरी चला. म्हणाले, “थांब, हे पंचनामा न झालेलं एक राहिलं हाय, हे पोत्यात नाही जात.”

ते एक पुस्तक त्यांनी बगलेत ठेवून घेतलं आणि दोन खुर्च्या मागच्या व्हरांड्यात काढल्या.

रविवार त्यांनी सोडला नाही. बाकीचे हळूहळू गळाले. गिरधारीभाऊ टाळी वाजवल्यापासून तोंड दाखवत नव्हते. मीही दर वेळी येऊ शकत नव्हते, आमचा संप सुरू होता. मी शेवटचं गेले ते या वर्षी, भर मे महिन्यात. अभ्यासिका सुरू झालेली, पाटी अजून साधी होती. खिडकीत मोठा कूलर बसवलेला, त्याची पाठ व्हरांड्यात, आणि त्या घरघराटाशेजारी सर, दुपट्टा बांधून, बाजूच्या खुर्चीवर. समोर रिकामी उलटबाजूची.

“आली का पत्रकवाली?”

खूप वाळले होते. मांडीवर तेच पुस्तक. मी विचारलं, “सापडलं का उत्तर?”

“कधी वाटते, सापडलं. मंग त्या खुर्चीवर जाऊन बसतो अन् बोलू लागलो की ते पत्रकासारखं वाटते.” माझ्याकडे पाहून थोडं हसले. “राग नको मानू.”

आम्ही बसलो. बोलणं फारसं झालं नाही, कूलरपुढे ओरडावं लागत होतं आणि आत पोरं वाचत होती. बसची वेळ झाली म्हणून मी उठले, पायरीवर चपला घालत होते, तेवढ्यात आतून एक मुलगी बाहेर आली. घाबरत म्हणाली,

“सर, या खुर्चीवर कोणी बसते का? आत कमी पडून राहिल्या.”

सरांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

“बसते एक जण,” ते म्हणाले. “पण तो उभा राहू शकते.”

दुपट्टा सोडून त्यांनी खुर्ची पुसली. मुलगी नको नको म्हणत होती तरी स्वतः उचलून आत नेऊन ठेवली. तोवर मी अंगण ओलांडलं होतं. फाटकापाशी वळून पाहिलं तेव्हा ते परत आले होते. डोक्यावर दुपट्टा नव्हता, मी पहिल्यांदाच त्यांचं डोकं उघडं पाहिलं. ते आपल्या खुर्चीकडे गेले नाहीत. उलटबाजूची खुर्ची जिथे होती तिथे, बरोबर तिथे, ते उभे राहिले, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून. पुस्तक उघडलं. हात वर झाला आणि ओठ हलू लागले.

कूलरच्या आवाजात मला एक शब्दही ऐकू आला नाही.